सांध्यांची वही: संधिवाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी घरी काय काय लिहून ठेवायचं

आईला घेऊन पहिल्यांदा कोल्हापूरला संधिवाताच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हाची गोष्ट. देवगडहून पहाटेची गाडी, घाटात दोनदा ओकारी, मग दीड तास रांग, आणि आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं काय त्रास होतो, तर आमच्या मातोश्री म्हणाल्या "आता तसा बरा आसा." झालं. दुपारचे अडीच वाजलेले, त्या वेळेला तिचे हात खरंच बरे असतात, पण सकाळी सहाला हीच बाई न्हाणीत उभी राहून मला हाक मारते, "नळ फिरवक जमना नाय रे". आता ते सकाळचे सहा मी केबिनमध्ये कुठून आणणार?

परत आल्यावर एक शंभर पानी वही केली. पाच वर्षं झाली, तिसरी वही चालू आहे, आणि आता वाडीत कुणाचे सांधे सुजले की लोक मला विचारायला येतात. मी डॉक्टर नाही, हापूसची कलमं आहेत आमची, पण या आजारावर काम करणारे संशोधक नेमकं काय मोजतात ते डॉक्टरांना विचारून विचारून कळलं आणि बघितलं तर त्यातलं निम्मं घरी पेन्सिल घेऊन करता येतं. तेच सांगतो.

पहिलं पान, बाहुली काढा. खरंच, लहान मुलं काढतात तसा माणूस, एक पुढून एक मागून, आणि गेल्या सात दिवसांत जिथे जिथे दुखलं तिथे रंगवा. ही माझी आयडिया नाही. कॉपकॉर्ड नावाचा जागतिक आरोग्य संघटनेचा एक कार्यक्रम आहे, त्यात घरोघरी जाऊन लोकांचं दुखणं मोजतात आणि त्यात अशीच बाहुली असते, मागच्या सात दिवसांत कुठे दुखलं ते दाखवा म्हणून. आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ साली भिगवणला सुरू केलं, तेच ते उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो येतात ते भिगवण. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी दारोदार विचारलं तेव्हा दुखणारे तर ढिगाने निघाले, पण ज्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो हजारात साधारण पाचेक जणांना. म्हणजे आपण ज्या सगळ्याला "वात" म्हणून एका टोपलीत टाकतो त्यातले बहुतेक लोक कष्टाने, वयाने, गुडघे झिजल्यामुळे दुखणारे असतात. पण हजारातले ते पाच जण शोधायला मात्र उशीर करून चालत नाही, कारण तिथे शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उठलेली असते आणि एकदा हाड खाल्लं गेलं की ते परत भरून येत नाही.

बाहुली रंगवताना बोटांचं नीट बघा. बोटाच्या मुळाशी मुठीचे उंचवटे असतात ते आणि मधला सांधा, मनगट, हे दोन्ही हातांना सारखं सुजलं असेल तर संशय रूमेटॉइडचा. नखाजवळचा शेवटचा सांधा गाठाळलेला असेल तर बऱ्याचदा वयाची झीज असते (किंवा सोरायसिसवाला संधिवात, तेव्हा डोक्यात, कोपरावर खपल्या आहेत का तेही लिहा). आणखी एक सोपी गोष्ट, समोरच्याचा हात हातात घेऊन मुठीचे उंचवटे आडवे हलकेच दाबायचे, शेकहँड करतो तसं. कळ आली तर लिहा. जोर काढू नका, माझ्या भावाने पहिल्यांदा केलं तेव्हा आईने त्याला दुसऱ्या हाताने दिली.

आणि पाय विसरू नका! डॉक्टर लोक २८ सांधे मोजून एक आकडा काढतात, डास-२८ म्हणतात त्याला, खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं आणि गुडघे. त्यात घोटे आणि पावलं नाहीत. आता मळ्यात, जांभ्याच्या कातळावर, बाजारात मासे घेऊन उभं राहणाऱ्या बाईचं पहिलं दुखणं पावलातच असणार ना. आपण सांगितलं नाही तर चपला काढायला कुणी सांगेलच असं नाही, म्हणून आमच्या वहीत पावलांची वेगळी बाहुली असते.

दुसरं, घड्याळ. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. सकाळी जाग किती वाजता आली आणि हात मोकळे किती वाजता झाले, दोन वेळा लिहायच्या, बाकी काही नाही. झिजेच्या दुखण्यात ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात जातो. रूमेटॉइडमध्ये तास तास, कधी दोन तास. १९८७ साली अमेरिकन डॉक्टरांनी जे निकष ठरवले होते त्यात सकाळचा किमान एक तासाचा ताठरपणा हा एक निकष होता. नंतर २०१० ला नवे निकष आले, त्यात रक्ताच्या तपासण्यांना आणि सुजलेल्या सांध्यांच्या संख्येला मार्क आहेत, दहापैकी सहा मिळाले की आजार धरतात, पण आमचे डॉक्टर अजून पहिला प्रश्न तोच विचारतात, सकाळी किती वेळ?

"मोकळे झाले" कधी म्हणायचं यावरून आमच्याकडे भांडण व्हायचं. आई म्हणायची झाले, आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला. मग आम्ही एक काम ठरवलं. विळीवर बसून अर्धा नारळ खवता आला की हात मोकळे. रोज वाटप करायचंच असतं त्यामुळे वेगळा वेळ जात नाही. तुमच्याकडे जे रोजचं काम असेल ते घ्या, ब्लाउजचे हूक लावणं, भाकरी थापणं, होडीचा दोर ओढणं, बाइकचा क्लच दाबणं, पण एकच घ्या आणि वर्षभर तेच ठेवा. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले अहो हेच तर करतात. १९८० साली स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांनी एक प्रश्नावली केली, त्यात वीस कामं आहेत, कपडे घालता येतात का, नळ उघडझाप करता येतो का, बरणीचं झाकण, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, आरामात जमतं ते अजिबात जमत नाही. आज नव्या औषधाची ट्रायल असली की ही प्रश्नावली बहुतेक असतेच. आपल्याकडे भारतात ती वापरायला घेतली तेव्हा त्यात मांडी घालून बसणं, शौचाला उकिडवं बसणं हेही आलं, कारण साहेबाच्या प्रश्नावलीत ते असणार कुठून. तुम्हीही हे शून्य ते तीनचे मार्क महिन्यातून एकदा द्या, पाच कामांना पुरे.

फोटो काढा. सूज सकाळी असते, दुपारी उतरते. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ, दोन्ही हात पालथे शेजारी शेजारी ठेवून, फोनवर तारीख दिसेल असा. अंगावर चट्टा उठला, उन्हात गेल्यावर गालांवर-नाकावर लाली आली, तोंडात फोड आले, थंड पाण्यात हात घातल्यावर बोटं पांढरीफटक मग निळी पडली, तर त्याचा फोटो तर हवाच हवा, कारण तो ल्युपस (यातही शरीर स्वतःवरच उठतं) किंवा त्याच्या भावंडांचा रस्ता असू शकतो आणि ल्युपस झालेल्या दहा जणांत नऊ बायका असतात, त्यातल्या बऱ्याच ऐन तरुण. केस फार गळतात, डोळे कोरडे, पुन्हा पुन्हा गर्भ पडलाय, हेसुद्धा सांध्यांच्या डॉक्टरला सांगायचं असतं, लाजू नका. आणि वाडीतला एखादा पंचविशीचा पोरगा पहाटे कंबर आखडून उठत असेल आणि चालल्यावर कंबर मोकळी होत असेल तर त्याला "गाडी कमी चालव" सांगून सोडू नका, तो मणक्याचा संधिवात असू शकतो, एचएलए-बी२७ नावाचा जो रक्ताचा खुणेचा दगड आहे त्याचा या आजाराशी संबंध १९७३ सालीच कळलेला आहे.

आता औषधांचं पान, आणि इथे मला जरा रागच येतो. या पानावर सगळं लिहायचं, डॉक्टरचं, मेडिकलवाल्याने दिलेलं, झाडपाल्याचं, काढे, मालिशची तेलं, आणि पुडी. पुडी म्हणजे काय ते कोकणात सांगायला नको. आमच्या आईला पण एका माणसाकडून आणून दिली होती, करड्या रंगाची पावडर, मधातून, दिवसाला दोन. तिसऱ्या दिवशी आई आंगणात सडा घालत होती! आम्ही त्या माणसाला देव मानायला लागलो. चार महिन्यांनी तोंड गोल भोपळ्यासारखं, शुगर वाढलेली, पुडी एक दिवस चुकली तर अंग मोडून यायचं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुडी बघून सांगितलं की त्यात स्टिरॉइड असावं असाच सगळा अवतार आहे.

यातली गंमत अशी की स्टिरॉइडचा शोध लागला तोच मुळी एका पेशंटने आपल्या सांध्यांचं नीट लक्ष ठेवून डॉक्टरला सांगितलं म्हणून. १९२९ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच म्हणून डॉक्टर होते, त्यांना एका पेशंटने, जो स्वतः डॉक्टरच होता, सांगितलं की मला कावीळ झाली आणि सांधे दुखायचेच थांबले. हेंचनी ते हसण्यावारी नेलं नाही, असे आणखी पेशंट जमवले, गरोदरपणातही बायकांचा संधिवात उतरतो हे टिपलं, आणि शरीरातच काहीतरी एक रसायन आहे म्हणून वीस वर्षं मागे लागले. केंडल नावाच्या रसायनतज्ज्ञाबरोबर १९४८ साली ते कॉर्टिसोन एका तरुण बाईला टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० ला नोबेल. आणि मग काही वर्षांतच कळलं की भरपूर दिलं तर तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. म्हणजे आमच्या आंगणातला सडा आणि नंतरचा भोपळा दोन्ही सत्तर वर्षांपूर्वीच पाहून झालेलं होतं. डॉक्टर आजही स्टिरॉइड देतात पण मोजून, थोडं, थोडे दिवस, दुसरं औषध लागू पडेपर्यंत. तुम्ही पुडी घेत असाल तर एकदम बंद पण करू नका हां, शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं आणि एकदम तोडलं तर माणूस कोसळू शकतो. पुडी वहीत चिकटवा, डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू उतरवतील.

रक्ताचे रिपोर्ट. आरए फॅक्टर (रूमेटॉइडसाठी करतात ती रक्ताची तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून रडू नका आणि निगेटिव्ह आला म्हणून नाचू नका. चांगल्या धडधाकट माणसात, म्हाताऱ्यांत, टीबीत, काविळीच्या काही प्रकारांत तो पॉझिटिव्ह येतो, आणि खऱ्या पेशंटपैकी पाव एक जणांत येतच नाही. अँटी-सीसीपी नावाची तपासणी जास्त नेमकी आहे, महाग आहे पण एकदाच करायची असते शक्यतो. युरिक ॲसिड तर आपल्याकडे बोट दुखलं तरी करतात आणि थोडं वर आलं की तारल्या बंद, कोळंबी बंद. गाऊट हा वेगळा आजार, बहुतेक पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी रात्रीत भडका उडतो, पुरुषांत जास्त, दारूशी सख्य. त्याला तारली-कोळंबी जपून हे खरं. पण रूमेटॉइडच्या बाईची सोलकढी आणि बांगडा कशाला तोडता? आईने दोन वर्षं आंबट सोडलं होतं, कोकमाचं आगळ घरात असून, काडीचा फरक नव्हता, वही साक्षीला आहे. आणि ताप येऊन गेल्यावर सांधे धरले असतील तर तापाची तारीख लिहाच, २००६ च्या साथीपासून चिकनगुनिया आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्याचं दुखणं महिनोन्‌महिने राहतं आणि हुबेहूब रूमेटॉइडसारखं दिसतं.

पान उलटा, सवयी आणि कामं. विडी-सिगारेट किती वर्षं, हे खरं लिहा. स्वीडनच्या लार्स क्लारेस्कोग यांच्या टीमने दाखवून दिलं की विशिष्ट जनुकं असलेल्या माणसाने विडी-सिगारेट ओढली तर फुप्फुसातली प्रथिनं बदलतात आणि शरीर त्यांच्यावर उठतं, तीच ती सीसीपीवाली भानगड. मशेरी त्या अभ्यासात नव्हती, पण म्हणून मशेरी लावायची मुभा मिळाली असं आमच्या काकीने काढलं ते चुकीचं. दगडाच्या बारीक धुळीचाही संबंध स्वीडनमध्येच सापडलाय, तेव्हा क्रशरवर, खाणीवर काम केलेलं असेल तर तेही टिपा.

मेथोट्रेक्सेट सुरू झाली तर वहीचं अख्खं पान तिला द्या. ही मूळची कॅन्सरची गोळी, १९८५ च्या सुमारास अमेरिकेत छोट्या डोसात संधिवातावर नीट तपासून पाहिली आणि आता जगभर बहुतेक पहिली हीच देतात. आठवड्यातून एकदाच. पुन्हा लिहितो, आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतते, माणसं गेली आहेत अशाने. वार ठरवा. आम्ही सोमवार धरला कारण आमच्याकडे सोमवारी शिवराक असतं आणि गोळीच्या दिवशी आईला माशाचा वास सहन होत नाही, एका दगडात दोन पक्षी. कालनिर्णयवर गोल करायचा, घेतली की गोलात फुली. फॉलिक ॲसिड कुठल्या दिवशी ते डॉक्टर सांगतील, तो वेगळ्या रंगाचा गोल. ठरलेल्या मुदतीला रक्त, लिव्हर, किडनीच्या तपासण्या, दारू नाही, आणि मूल हवं असेल तर आधीच बोला कारण गरोदरपणात ही अजिबात चालत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही संधिवाताची दुसरी गोळी असेल तर डोळ्यांची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

पावसाळ्याचं खास सांगतो. लावणीत चिखलात उतरलात आणि ताप आला तर "वातानेच आला असेल" म्हणून घरी बसू नका, लेप्टो (उंदरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्या-चिखलातून येणारा ताप) आपल्याकडे काय करतो माहीत आहे. प्राथमिक केंद्रात गेल्या गेल्या पहिलं वाक्य "मेथोट्रेक्सेट चालू आहे" हे असू दे, त्या आठवड्याची गोळी घ्यायची की नाही ते विचारा, आणि कोट्रायमोक्साझोल म्हणजे ती सल्फावाली अँटिबायोटिक याच्याबरोबर चालत नाही, रक्ताच्या पेशी कोसळतात. आम्ही हे वाक्य लाल पेनने वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलंय.

मोठ्या हॉस्पिटलात गेलात तर कधीतरी विचारतील, अभ्यासात नाव द्याल का. घाबरून पळू नका आणि भारावून सहीपण करू नका. बायोलॉजिक म्हणून जी महागडी इंजेक्शनं आता मिळतात ती सुरू कशी झाली, तर १९९२ साली लंडनला रविंदर मैनी (जन्म लुधियानाचा) आणि मार्क फेल्डमन यांनी मोजक्या पेशंटना शरीरात सूज पेटवणारं टीएनएफ नावाचं एक रसायन अडवणारं औषध दिलं, ते पेशंट तयार झाले म्हणूनच. आणि त्यानंतरच्या वापरातूनच कळलं की या इंजेक्शनांनी शरीरात झोपलेला टीबी उठतो, म्हणून आता आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी केल्याशिवाय देत नाहीत. तर विचारायचं काय? सीटीआरआय नंबर विचारा, ही सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून ट्रायलची तिथे नोंद सक्तीची आहे आणि नेटवर फुकट बघता येते. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. माझं चालू औषध बंद करणार का, खोटी (म्हणजे औषध नसलेली) गोळी मिळण्याची शक्यता किती, रक्त साठवून ठेवणार का, रात्री त्रास झाला तर कुणाला फोन, देवगडहून यायचं भाडं कोण देणार. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार त्यांनी फुकट करायचे असा २०१९ चा नियम आहे. आणि मधेच सोडता येतं, कारण न सांगता, त्यावरून तुमचे नेहमीचे उपचार कुणी अडवू शकत नाही. आईला एका अभ्यासाचं विचारलं होतं, नुसता प्रश्नावली आणि रक्ताचा, तिने एकच विचारलं, "चाय देतले मा?" दिला, बिस्किटंपण.

जायच्या आदल्या रात्री वहीतून एक पान वेगळं काढून लिहायचं. वर नाव, वय, आजार कधीपासून. मग गेल्या महिन्यात सरासरी हात किती वाजता मोकळे झाले, सुजलेले सांधे कुठले, चुकलेल्या गोळ्या किती (खरं लिहा हो), आणि तीनच प्रश्न. तीनपेक्षा जास्त विचारले की शेवटच्यांची उत्तरं गडबडीत मिळतात. डॉक्टरकडे दहा मिनिटं असतात, वही वाचायला त्यांना वेळ नाही, पण पान वाचतात. वही, रिपोर्ट आणि रिकामी गोळ्यांची पाकिटं खताच्या जाड प्लास्टिक पिशवीत घालायची, जुलैत गगनबावड्याला पाऊस आडवा लागतो आणि आमचा २०१९ चा एक्स-रे तिथेच भिजला. आईला खिडकीची सीट, आल्याचा तुकडा तोंडात. आणि केबिनच्या दारात ती "आता बरा आसा" म्हणायच्या आत पान टेबलावर ठेवायचं.